हात लावायचा नाही

३ मार्च
जमलं! गुरम्माचा अंगठा घेतला एकदाचा.
तालुक्याच्या बैठकीत आरोग्य अधिकारी साहेबांनी बजावलं होतं — घरी एकही बाळंतपण नको. जुन्या दायांची प्रशिक्षणाची कार्डं परत घ्या, हमीपत्र लिहून घ्या. आमच्या गावात दाई एकच, गुरम्मा. सत्तरीच्या पुढची. कार्ड देवाजवळ ठेवलेलं, वर हळदीकुंकू! "सरकारनंच दिलतं की, बाई." म्हटलं, आता सरकारच परत मागतंय. शेजारच्या बायका दारात जमल्या होत्या, म्हणून मुद्दाम मोठ्यानं बोलले — यापुढं हात लावलास आणि कुणी दगावली, तर म्हातारपण तुरुंगात जाईल.
ती अंगठा पुढं करेना. मीच धरून टेकवला.
बरं वाटलं. का वाटू नये? सहा वर्षं या उपकेंद्रात नर्स म्हणून राबतेय, तरी कळ आली की बायका आधी तिच्याच दारात.

११ मार्च
एका बाळंतिणीला तेल लावत बसली होती. हाकलली. तेलाची वाटी मोरीत ओतली.

२० मार्च
गुरम्मा उपकेंद्रात आली. चपला बाहेर काढून उभी. ऋतुजासाठी — नंदीशची बायको, दुसरी खेप, नववा लागलाय.
"पोर आडवं हाय बाई. कळा यायच्या आधी सोलापूरला न्या तिला. ऑपरेशन लागंल."
"तुला काय कळलं? हात लावलास?"
"पोटावरनं. वरनंच."
म्हटलं, सोनोग्राफीत डोकं खाली आहे. तू मशीनपेक्षा शहाणी का? रजिस्टर भरत बसलेल्या आशाताई हसल्या. मीही.
ती सोनोग्राफी सातव्या महिन्यातली. मूल नंतर फिरू शकतं, हे मला माहीत आहे. ऋतुजाला तपासायला हवं. पण म्हातारीच्या सांगण्यावरून जायचं? नाही गेले.

२ एप्रिल
परवा तालुक्याला माझा सत्कार! हमीपत्र घेतल्यापासून गावात घरी एकही बाळंतपण नाही म्हणून. साडी कुठली नेसू?

४ एप्रिल
ऋतुजा गेली. मूल पोटातच.
दुपारी कळा सुरू झाल्या. आधी बाळाचा हात बाहेर आला म्हणे. नंदीशनं मला नऊ फोन केले. फोन पर्समध्ये होता, आवाज बंद करून. मी स्टेजवर. रुग्णवाहिका दुसऱ्या गावाला गेलेली, दोन तासांनी आली. सोलापूरच्या वाटेतच संपलं सगळं.
सासूनं गुरम्माला बोलावून आणलं होतं. रुग्णवाहिका येईपर्यंत खोलीत ऋतुजा आणि गुरम्मा दोघीच, दार लावलेलं. मी नंदीशच्या घरी पोचले तेव्हा गुरम्मा ओट्यावर बसली होती. लुगड्यावर डाग नाही. हात कोरडे.
"डोकं मांडीवर घेतलं निस्तं. बाकी हात न्हाय लावला. तुमीच सांगितलंवतं की."


६ एप्रिल
अहवाल दिला. हमीपत्र देऊनही दाईनं आत हात घातला, त्यातून रक्तस्राव झाला — असं लिहिलं.
साहेब माझ्याकडं बघत राहिले. "नक्की?"
नक्की! बावीस वर्षं नोकरी राहिलीय माझी. तिचं काय राहिलंय?

९ एप्रिल
नळावर गुरम्माला कुणी घागर भरू देत नाही. आज नंदीशनं तिला दगड मारला. कपाळाला खोक. टाके घालायला माझ्याकडंच आणली. भुलीचं इंजेक्शन कपाटात होतं — काढलं नाही. तसेच चार टाके घातले. हूं नाही की चूं नाही! माझ्याकडं बघत बसली नुसती. ओरडली असती तर बरं झालं असतं.

१५ एप्रिल
चौकशी झाली. उत्तरं पाठ करून गेले होते, कुणी विचारलंच नाही. गुरम्मानं आधीच जबाब दिला होता — व्हय, मीच हात घातला!
व्हरांड्यात गाठलं तिला. खोटं का बोललीस?
"दोन घंटे हात आवळून बसले, अन् पोरगी मला हाका मारत मेली — हे नंदीशला कुटल्या तोंडानं सांगू, बाई?"