शेजारचं झाड

४ जुलै ९९, रवि.
आहुपे. धुकं इतकं, की पुढे चालणाऱ्या ठकूबाई दिसत नव्हत्या, नुसता काठीचा आवाज. तीन वर्षं या बाईंच्या मागे रान शिकतोय. वय सत्तरीच्या आतबाहेर, गुडघे गेलेले, तरी मागे मीच. वहीत १४२ चित्रं, सगळी पुस्तकासाठी पुण्याला पाठवलेली. पानाची एक शीर चुकलेली नाही. मंचरात पाट्या रंगवून तयार झालेला हात आहे हा, कॉलेजातला नव्हे.
उतरताना शेवाळावरून घसरलो. उजवा घोटा.
"बसा खाली. बोंबलू नका," म्हणाल्या. बांधावरचा पाला ओरबाडला, दगडावर ठेचला, फडक्यात बांधला.
पाला नीट पाहिला. पान ४१ वर मुरगळण्याला जे काढलंय, ते हे नव्हे.

५ जुलै
सूज निम्म्यावर. वही तीनदा पाहिली. पा. ४१, माझंच अक्षर : रुंद पानांची वेल. मुरगळणे, मुका मार. ठ.बाईंनी दाखवली, नोव्हें. ९६.
काल बांधलं ते केसाळ पानांचं बुटकं झुडूप. दोन्ही एकाच बांधावर, वीतभर अंतर. ऐकण्यात, लिहिण्यात माझी चूक? शक्य नाही.
मग?
सुमन म्हणते, "पाय उतरला ना? झालं तर." बायकोला काय सांगायचं यातलं.

८ जुलै
पुण्याच्या प्रकाशकांकडून पुस्तकाची प्रुफं आली. सोबत चिठ्ठी. झाडांची नावे व उपयोग तपासून प्रत्येक पानावर सही करावी, महिनाअखेर परत.
या पाकिटाची केवढी वाट पाहिली होती. उघडलं, परत सुतळी बांधली.
दिवसभर लोणीला, विहाराच्या कमानीवरची अक्षरं. शिडीवर घोटा ठणकत होता.

११ जुलै, रवि.
आहुपे. पडवीत बसून सरळ विचारलं. "मावशी, मुरगळण्याला तेव्हा वेल दाखवली होती."
"आसंल."
"मग मला झुडूप का बांधलं?"
"तवा तुमी पावणं व्हते. पावण्याला शेजारचं दावायचं."
आल्यागेल्याला पाण्याचा तांब्या द्यायचा, तितक्या सहज.
मग सांगितलं. सासऱ्यांच्या काळी जीपमधून कोणी आलं, एका मुळीचं विचारलं. सासऱ्यांनी खरं सांगितलं. महिन्याच्या आत पोती घेऊन माणसं. त्या उतारावर ती मुळी आज औषधालाही नाही. तेव्हापासून घरचा शिरस्ता. झाड दाखवायचं, नाव खरं सांगायचं, गुण मात्र शेजारच्याचा.
"मला अशी किती दाखवली?"
"मला काय याद? मी लिवून ठिवलंय का? लिवलंय तुमी."
आतून सून हसली.
"बरं, खरं कधीपासून सांगायला लागलात?"
"आता घ्या! पावणा कवा पावणा ऱ्हात न्हाई, त्याची कुनी तारीक लिवतं व्हय?"
मी लिहिली असती.

१४ जुलै
जुन्नर. मुनीरभाईंच्या दुकानी रंग आणायला गेलो. गेल्या हिवाळ्यात मंडळी घेऊन घाटघरला मी झाडं दाखवत फिरलो, त्यात हेही होते. म्हणाले, "पेंटर, तुमच्या त्या वेलीचा पाला बेगमच्या पायाला आठ दिवस लावला. ढिम्म! मी म्हणलं, पाला बरोबर हाय, पायच नाटकी."
हसलो. काय करणार? पिवळ्याचा डबा तिथेच विसरून आलो.
अजून कोणाकोणाला काय काय सांगितलंय मी.

१८ जुलै, रवि.
गेलो नाही. प्रुफं घेऊन बसलो. रानभाज्या बत्तीस, सगळ्या खाल्ल्यात, त्या खऱ्या. उरली ११०. प्रत्येकापुढे पेन्सिलीने प्रश्नचिन्ह. साठाव्यानंतर हात दुखला, थांबलो.
चिडायचं तरी कोणावर? त्यांनी त्यांचं रान राखलं. प्रस्तावनेत "स्वतः खात्री करून" हे मी लिहिलंय.

२५ जुलै, रवि.
आहुपे. म्हटलं, मावशी, पुन्हा पहिल्यापासून चालू. एकेक पान.
"गुडघं न्हाईत आता, राव. आन् इचारून काय व्हतंय? आजार आला म्हंजी दिसंल."
एकशेदहा आजार यायची वाट बघायची, म्हणजे झालं.

१ ऑगस्ट, रवि.
आहुपे. मुदत काल संपली. प्रुफं पिशवीतच, सही एकावरही नाही.
इथे निराळाच घोर. बैलाचा खांदा सुजून आलाय, जू ठेवू देत नाही. भाताची आवणी अर्ध्यावर, रोपं लावायची पडून. ठ.बाईंचा मुलगा कोंडाजी तोंड पाडून बसलेला.
मला म्हणाल्या, "पेंटर, तुमी जावा. फुटक्या टाक्यापाशी, कड्याखाली. सुजेची मुळी. तुमाला ठाव हाय."
ठाऊक आहे. पा. ८७, ऑगस्ट ९७. टाक्यापाशी दोन झाडं एकमेकांना चिकटून, आणि ठ.बाईंनी काठी एकाकडेच केली होती. तेव्हा मी पाहुणा होतो की नव्हतो?
अर्धा तास पावसात उभा. घोंगडं भिजून जड झालं. शेवटी दोन्ही खणली.
परत आलो. "दोन आनल्या?" दोन्ही मुळ्या हातात घेऊन क्षणभर माझ्याकडे पाहिलं. हसल्या नाहीत, रागावल्याही नाहीत. आत गेल्या.
कोंडाजी म्हणाला, "काका, चारची एस्टी चुकंल." चुकली. पडवीतच बसून हे लिहितोय. आत पाट्यावर वाटण चाललंय. दार लोटलेलं, कडी नाही. दाराशी जाऊन पाहिलं तर कळेल, पाट्यावर कुठली आहे.
शेजारी वहीचं पा. ८७ उघडं, त्यावर पेन्सिल ठेवलीय. अजून उठलो नाही.