बंद दाराचं अंगण

रवि., ८ फेब्रु. महाड
इंदूआत्याची शोकसभा. हॉल भरला. मी पाऊण तास बोलले, टाळ्या पडल्या. शोकसभेत टाळ्या. वाजू देत, जिवंतपणी तिच्यासाठी कुणी वाजवल्या नाहीत.

पायऱ्यांवर आमच्या गावचे रघूअण्णा भेटले. पालखीपुढे चालायचा मान त्यांच्या घराचा. खाली बघत म्हणाले, यंदा शिमग्याला पालखी आत्याच्या अंगणात थांबणार नाही. घराला कुलूप, मागे मूलबाळ नाही. तिचा पुतण्या संदेश मुंबईत असतो, त्याने खालच्या आळीत स्लॅबचं घर बांधलंय. पहिला मान तिकडे हलवायचा. गावच्या मुंबईकरांच्या मंडळाचं ठरलं आहे.

ठरलं! माणूस जाऊन महिना नाही झाला.

११ फेब्रु.
कोर्टात लक्ष नाही. पुढची तारीख मागून घेतली.

आठवतं ते लिहून ठेवते. नाहीतर उद्या हेही ठरवतील की अशी बाई गावात नव्हतीच.

डोंगरावर रस्ता नव्हता तेव्हा आजारी माणूस डोलीतून पोलादपूरच्या रस्त्यापर्यंत उतरवायचा. डोली म्हणजे एक बांबू, एक चादर आणि लागतील तेवढे खांदे. खांदे गोळा करायची आत्या. ऐन तरुणपणी विधवा होऊन माहेरी परतलेली. घर सगळ्यांत वरचं. पणजोबांनी गावातली पहिली जमीन फोडली ती तिथेच. पालखी पहिली तिथे थांबते ती त्यामुळे. अंगणाच्या कडेला उभी राहून हाळी द्यायची, चारी वाड्यांना ऐकू जायची.

बांधावरून भांडलेल्या दोघांना मुद्दाम एकाच बांबूला लावायची. मी विचारलं होतं, का? "वझं आलं की त्वांड बंद होतं गो. आन् पाय जुळवावंच लागतात."

रघूअण्णांचं घर एकदा गावकीने वाळीत टाकलं होतं. त्याच दिवसांत त्यांची सून शारदा अडली. आत्याने हाळी दिली, कुणी येईना. तेव्हा तिने पदर खोचून स्वतः बांबू उचलला. मग आले तिघे, माना खाली घालून.

रवि., २२ फेब्रु. गावी
देवळात गावकीची बैठक. संदेश पहाटे वीर स्टेशनला उतरून आला. नवे बूट, हातात दोन फोन.

मी बोलले. संविधान काढलं, इतिहास काढला, चवदार तळ्यापासून आपण दोन तासांवर राहतो आणि अजून अंगणं वाटतो, तेही काढलं. सगळ्यांनी नीट ऐकलं. तंबाखू मळत ऐकलं.

संदेश म्हणाला, "ताई, भाषण एक नंबर. पण तुम्ही लग्न करून महाडला गेलात. गावाच्या मानात तुमचा काय संबंध?"

"तू मुंबईला, दिव्याला गेलास. तुझा काय?"

मागे कुणीतरी फिसकन हसलं. त्याचा चेहरा उतरला, आत्याच्या घराची चावी मात्र खिशातून निघाली नाही.

मग रघूअण्णांना सरळ विचारलं, तुम्ही वाळीत होतात तेव्हा शारदाला खाली कुणी नेलं? ते म्हणाले, "तुजं समदं खरं हाय गो. पन बंद दाराला पालखी थांबत नाय. रीत हाय ती."

शेवटी फर्मान निघालं: त्या अंगणात जो पालखीसाठी ताट मांडेल तो गावकीबाहेर.

२६ फेब्रु. महाड
ज्युनियर उत्साहात. बहिष्काराविरोधात कायदा आहे, आजच तक्रार टाकू म्हणतो. टाकू. पण आधी ताट. मांडल्यावर कुणी बोट लावलं तर कायदा माझ्या टेबलावरच आहे.

नवरा म्हणतो, एवढ्याशा अंगणासाठी? एवढंसंच असतं. तळ्यातलं पाणीसुद्धा ओंजळभरच होतं.

५ मार्च. गावी
संध्याकाळी पोचले. वाटलं, अंगण पाचोळ्याने भरलं असेल. तर शारदा सारवत होती. मी बोलायला तोंड उघडलं, तर म्हणाली, "भाषान नको, पानी आन."

मी घागर उचलली. सासरे काय म्हणतील, विचारलं.

"वाळीत टाकतील. येकदा राह्यलोय आमी वाळीत, मेलो नाय."

६ मार्च. अंगणात
दार बंद, कुलपाला झेंडूची माळ. उंबऱ्यासमोर ताट. आम्ही दोघीच येऊ असं वाटलं होतं. चारी वाड्यांतून बाया आल्या. पोरी, सुना, म्हाताऱ्या. पुरुष कुणी नाही.

ढोल चढत आला आणि वाटा फुटतात तिथे थांबला. उजवीकडे स्लॅबचं घर, डावीकडे आम्ही. संदेश खालून ओरडून खांदेकऱ्यांना उजवी वाट दाखवतोय.

रघूअण्णा एकटेच वर आले. काठी टेकवत. म्हणाले, "उठा. ताट आवरा."

कुणी उठलं नाही. मला शब्द सुचत होते, भराभर, मी दात दाबून धरले.

शारदाने डोक्यावरचा पदर नीट केला. "मामंजी, पालखी तिकडं न्या हवी तर. आमी हितंच बसनार. फुडल्या वर्सी पन. त्याच्या फुडल्या पन."

 त्यांनी काठी भिंतीला लावली आणि अंगणाच्या कडेला बसले. पाणी मागितलं.

पाणी पिऊन झालं. ते उठलेले नाहीत. त्यांच्यावाचून पालखीपुढे चालायला कुणी नाही, आणि वाटेत ती जमिनीवर टेकवत नाहीत. खांदेकरी खाली तशीच धरून उभे आहेत, वर बघत.