तलवार आणि तिची जागा

आधी दुरुस्ती. जूनमध्ये लिहिलेल्या मृत्युपत्रात मी म्हटले होते की माझे वडील कै. पांडुरंगराव मोहिते यांनी त्यांच्या शेवटच्या आयुधपूजेला तलवार माझ्या हाती दिली आणि उंबऱ्यावरचा कोहळा मी कापला. हे बरोबर नाही. आमच्यात बाईने अखंड कोहळा कापायचा नसतो. पहिला घाव अप्पांनी घातला, मग तलवार मला दिली, आणि उरलेला कोहळा मी कापला. तलवारीवर माझा हक्क नाही असे म्हणत माझे काका नागोजीराव या पहिल्या घावावरच बोट ठेवून आहेत, म्हणून मीच लिहून ठेवते. जूनचा कागद रद्द समजावा.

मी, भव्या पांडुरंगराव मोहिते, वय सत्तावीस, राहणार बन्नीमंटप, म्हैसूर, दंतवैद्यांसाठी कृत्रिम दात घडवते. माझी प्रकृती ठीक आहे, डोके ठिकाणावर आहे, आणि हे मला कोणी लिहायला लावलेले नाही. हे शपथेवर लिहीत नाही. मत्तयाच्या शुभवर्तमानात मुळीच शपथ वाहू नये असे आहे; इब्री लोकांच्या पत्रात शपथेने वाद मिटतो असे आहे. मला दोहोंचा मेळ लागेपर्यंत माझे साधे 'होय' धरावे.

लिहिण्याचे कारण असे की मी बाप्तिस्मा घेणार आहे. काका आईला सांगतात, "उद्या हिचं काही झालं तर अर्धं घर त्या पाद्रीबुवांचं." तो संशय कोणाला उरू नये.

कलम १. घर. बन्नीमंटपच्या घरातला माझा अर्धा वाटा माझी आई अंबुजा हिला. पाळक देवेश यांनी घर कधी मागितलेले नाही. एकदा मात्र चहा पिताना त्यांनी विचारले होते, "घर कुणाच्या नावावर आहे, सिस्टर?" सहजच विचारले असेल. माझ्या लक्षात आहे.

कलम २. देह. माझे दफन करावे. आईला तेरावा करायचा असेल तर तिला कोणी अडवू नये. आईबापांचा मान राख असेही लिहिलेले आहे, आणि आईबापांचा द्वेष केल्याशिवाय शिष्य होता येत नाही असेही. देवेश म्हणतात, तिथे द्वेष म्हणजे कमी प्रेम. असेल. आईला ती ओळ मी अजून दाखवलेली नाही.

कलम ३. हत्यारे. मेण कोरायच्या माझ्या सुऱ्या सोबत काम करणाऱ्या उपेंद्रला. न विचारता नेलेल्या त्या त्याच्याच खणात आहेत. आता त्याने त्या धुवून ठेवाव्यात.

कलम ४. आत्याचे बायबल. माझी आत्या गोदावरीबाई मिशनच्या दवाखान्यात नर्स होती. तिथून हे पुस्तक आले. म्हैसुरात शाळेत मराठी नाही आणि घरात मोठ्या अक्षरातले मराठी पुस्तक दुसरे नव्हते, म्हणून आत्याने मला त्यावरच वाचायला शिकवले. ती स्वतः रोज तुळशीला पाणी घालायची. एकाच गोष्टीच्या दोन तऱ्हा सापडल्या की मी रडकुंडीला यायची. आत्या म्हणायची, "दोन्ही वाच. जो एकच ओळ दाखवतो, त्याचा अंगठा कशावर आहे ते बघ." हे पुस्तक देवेश यांना द्यावे. त्यात कुठेही खुणा नाहीत. त्यांना सगळे वाचावे लागेल.

कलम ५. तलवार. ही पणजोबांची, म्हैसूरच्या घोडदळातली. वाटणीत तलवार अप्पांकडे आली आणि म्यान काकांकडे गेले, म्हणजे भाऊ एकमेकांना धरून राहतील असे आजोबांना वाटले. राहिले नाहीत.

गेल्या महिन्यात काका आले. आयुष्यात प्रथमच त्यांच्या हातात कन्नड बायबल होते, आणि त्यात बसचे तिकीट घातलेले.

"नोड भव्या, बघ, तुझाच येशू सांगतोय. तलवार धरणारे तलवारीनंच मरतील. मग तुला ती कशाला? कोडु, दे इकडे."

"काका, लूकमध्ये अंगरखा विकून तलवार घ्या असंही आहे."

"तिथवर मी पोचलो नाही," काका म्हणाले.

त्यांची मुलगी सुष्मा दारातून म्हणाली, "अक्का, तलवार तुझ्याकडे, म्यान आमच्या अप्पांकडे. भाजी चिरायला तरी काढा कुणीतरी!"

काका तिच्यावर ओरडले आणि मला म्हणाले, "तलवार दे, मग तुला काय व्हायचं ते हो. नाही दिलीस तर माझ्या उंबऱ्याला पाय लावू नकोस."

काकांचा मुलगा, माझा चुलतभाऊ रक्षित गोकुलममध्ये योग शिकायला येणाऱ्या परदेशी पाहुण्यांना खोल्या देतो. त्याच्या दर्शनी खोलीत भिंतीवर दोन नवे खिळे मी पाहिले आहेत.

देवेश यांना विचारले, तर त्यांनी लूकचीच ओळ दाखवली. "ठेव सिस्टर. बाप्तिस्म्याच्या दिवशी घेऊन ये, सगळ्यांसमोर ठेव आणि पूजा सोडली म्हणून साक्ष दे." एकाला ती खिळ्यावर हवी, दुसऱ्याला व्यासपीठावर. माझाही भरवसा धरू नये. मला ती हवी आहे कारण मुठीवर अप्पांचा हात होता.

म्हणून दोन्ही ठिकाणे पुन्हा वाचली. ती एकाच रात्रीची, त्याच शिष्यांना सांगितलेली आहेत. जेवताना घ्या म्हटले. बागेत येशूला धरायला माणसे आली आणि एका शिष्याने त्यांतल्या एकाचा कान कापला, तेव्हा थांबवले. पण थांबवताना टाकून दे म्हटलेले नाही. जागच्या जागी घाल, म्हटले आहे. काकांचे तिकीट त्याच पानावर होते. त्यांनी वाक्याचा मागचाच अर्धा भाग वाचला.

तलवारीची जागा म्यान. ते कोणाच्या घरी असावे हे लिहिलेले नाही. माझ्यामागे तलवार सुष्माला द्यावी. तिने ती विकू नये, भिंतीवर टांगू नये, आणि कोहळ्याचा पहिला घाव स्वतः घालावा. बाईने घालू नये असे कोणी म्हटले, तर कुठे लिहिले आहे ते दाखवायला सांगावे, आणि शेजारची ओळही वाचावी.

साक्षीदार, ज्यांना या कागदातून काहीही मिळत नाही:
के. वादिराज, दंत प्रयोगशाळेचे मालक (सही)
तिरुमलराव, शेजारी, निवृत्त शिक्षक (सही, वाचून, चष्मा लावून)

भव्या पांडुरंगराव मोहिते (सही)
म्हैसूर, सोमवार, २२ सप्टेंबर २०२५

सह्या झाल्यावर, साक्षीदारांसमोर जोडलेले: बाप्तिस्मा रविवारी, ५ ऑक्टोबरला आहे. तो झाल्यावर काकांना कळवणे सोपे होते; तसे करणार नाही. त्याआधीच तलवार घेऊन त्यांच्या उंबऱ्यावर जाईन, रविवारचे सांगेन आणि म्यान मागेन. दिले तर तलवार त्यात घालून तिथेच सुष्माच्या हाती देईन. न दिले तर तशीच परत आणीन. आईला आज सांगितले आहे. ती सोबत येते म्हणाली. जाण्याचा दिवस आयुधपूजेचा, बुधवार, १ ऑक्टोबर २०२५.