पत्र्याखालची फट

अहो,

"विशाखा, भोक बुजवायच्या आधी आत हात घालून बघ. जीव असंल तर आधी त्याला काढ," असं आत्याबाई जाताना सांगून गेल्या. तुम्ही, त्यांचे लेक, तिथंच उभे होता.

भिंत अन् पत्र्याच्या मधली फट घर बांधतानाच राहिली. खारी तिथूनच आत येतात, भरून घ्या म्हणून किती मागं लागले. काल पौर्णिमेला मी विहारात अष्टशील धरून बसले, तेव्हाच तुम्हाला सिमेंट लावायला सवड झाली. संध्याकाळी आत चिरचिर ऐकू आली, तर "उंदरं हायत" म्हणालात अन् टीव्हीचा आवाज वाढवला.

सकाळी एक खार ताज्या सिमेंटवर नखं घासत होती. तुम्ही गेल्यावर मी सब्बलीनं फट उघडली. आत तीन पिलं होती. दोन गार पडलेली, ती पुरली.

भाकरी दुरडीत आहे, पिठलं झाकून ठेवलंय. रोज वंदनेत जीवहत्या करणार नाही असं मोठ्यानं म्हणता. आज मनातच म्हणा.

तिसरं जिवंत आहे. आत्याबाईंना शब्द दिलाय. त्याला खोक्यात घालून मागच्या लिंबावर ठेवायला निघाले. त्याची आई येऊन नेईपर्यंत लांब बसून राहीन. हाक मारू नका.