चौथ्या तुकड्याचं टोपण

तीर्थरूप मामांना,

भाचीचा साष्टांग नमस्कार (जहाज इतकं हलतंय की उभ्यानं केलेला नमस्कारही शेवटी साष्टांगच होतो). तुमचा गुडघा कसा आहे? मामीनं सांगितल्याप्रमाणे रोज शेकत असाल असं धरून चालते, कारण शेकत नाही असं कळलं तर पत्रातून भांडावं लागेल आणि माझ्याकडे कागद मोजकेच आहेत. बोअरच्या गाडीचा कॉम्प्रेसर दुरुस्त झाला का? मी ठणठणीत आहे. पहिले सहा दिवस पोटात काही टिकलं नाही, सातव्या दिवशी समुद्राला माझा कंटाळा आला.

ही सफर माझ्या परीक्षेची होती, हे तुम्हाला ठाऊकच आहे. पास झाले तर नोकरीत कायम, नाही तर घरी परत येऊन तुमच्या ऑफिसात ‘बोअर कधी मारून देता’ असे फोन घेत बसायचं, हा तुम्ही आणि आईनं माझ्या पाठीमागे केलेला ठराव मला मामीकडून कळला होता. निकाल काय लागला ते सांगते, पण क्रमानं. (तुम्ही वर्तमानपत्रही शेवटच्या पानापासून वाचता, म्हणून बजावते. पानं गाळू नका.)

निघताना तुम्ही म्हणाला होतात, ‘लोक पाण्यासाठी जमीन खणतात, ही पोरगी पाणी ओलांडून चिखल आणायला चालली.’ अगदी खरं आहे, मामा. चार किलोमीटर पाणी आहे खाली. त्यातून नळीला नळी जोडत तळापर्यंत जायचं, तळाच्या गाळात घुसायचं, आणि गाळानं भरलेली साडेनऊ मीटरची प्लास्टिकची नळी तारेनं वर ओढून घ्यायची. तुम्ही बोअर मारता तेव्हा दगडाचा भुगा होतो, आम्हाला मात्र गाळ जसा साचला तसाच्या तसा, न विस्कटता हवा असतो. वीतभर गाळ साचायला तिथे पंधरा-वीस हजार वर्षं लागतात, म्हणजे जितकं खाली तितकं जुनं. माझं काम एवढंच की नळी वर आली की तिचे दीड-दीड मीटरचे तुकडे करायचे, प्रत्येकाच्या वरच्या तोंडाला निळं टोपण, खालच्या तोंडाला पांढरं टोपण चिकटवायचं आणि कागदावर सही करायची. तुम्ही म्हणाल यात काय आहे. मलाही तसंच वाटलं होतं.

पहिली नळी वर आली ती रिकामी, आत नुसतं पाणी. (तुमच्याकडे पाणी लागलं की पेढे, आमच्याकडे पाणी लागलं की सगळ्यांची तोंडं उतरतात.) दुसऱ्या नळीतल्या गाळात वायू अडकला होता. टोपण लावायच्या आत तो फुस्सकन सुटला आणि हातभर गाळ थेट मोठ्या बाईंच्या शर्टावर जाऊन बसला. मोठ्या बाई म्हणजे या सफरीच्या मुख्य शास्त्रज्ञ. साठीच्या, शिस्तीच्या, आवाज तुमच्या कॉम्प्रेसरसारखा. मला वाटलं संपली माझी नोकरी. पण बाईंनी चमचा मागवला, शर्टावरचा गाळ खरवडून पिशवीत भरला आणि पिशवीवर लिहिलं, ‘शर्ट’. त्या दिवसापासून मला त्या आवडायला लागल्या, आणि त्यांची भीती दुपटीनं वाटायला लागली.

तिसरी नळी मात्र काठोकाठ भरून आली. ड्रिलर मिस्त्रींनी भोंगा वाजवला, स्वयंपाकघरातले लोकही झारे घेऊन बाहेर आले. मी करवत चालवत होते, आणि आनंदाच्या भरात बाईंनी चौथा तुकडा उचलून फोटोसाठी बाळासारखा कुशीत धरला, मग परत ठेवला. मी टोपणं लावली. सही केली.

दोन दिवसांनी प्रयोगशाळेत गडबड उडाली. तुकडे उभे चिरून त्यातले सूक्ष्म शिंपले बघतात, त्यावरून गाळाचं वय कळतं. पहिले तीन तुकडे शहाण्यासारखे वरून खाली जुने होत गेले. चौथ्यात उलटं, वर जुनं आणि खाली नवं. पाचवा पुन्हा शहाणा. बाईंनी निष्कर्ष काढला की इथे समुद्राच्या तळानं कूस बदलली, दरड कोसळून एक थर पालथा पडला. फळ्यावर बाण निघाले. बाईंचे दाढीवाले साहाय्यक जेवायचं विसरले. बाईंनी बारा पानं लिहिली, आणि किनाऱ्यावर कळवायचं ठरलं.

मी तेव्हा करवत धूत होते. मनात आलं, तळानं कूस बदलली हे ठीक, पण ती बरोबर दीड मीटरच कशी बदलली? आणि सुरुवात-शेवट बरोबर मी करवत लावली तिथेच कसा झाला? तेव्हा तुम्ही आठवलात, मामा. (रागावू नका.) प्रत्येक नळीमागे निघालेल्या भुग्याचे ढीग तुम्ही ओळीनं मांडता. शाळेच्या मैदानातल्या बोअरच्या वेळी तुम्ही ओळीच्या पलीकडच्या टोकाला उभे राहून मोजलंत आणि हेडमास्तरांना छातीठोकपणे सांगितलंत की वर काळा खडक आहे आणि खाली शेतातली माती. डबा घेऊन आलेल्या मामीनं एकच विचारलं, ‘पहिला ढीग कोणता?’

आमचाही पहिला ढीग कोणता, एवढाच प्रश्न होता. पण तो विचारायचा म्हणजे टोपणं मी उलटी लावली हे कबूल करायचं, आणि कागदावर सही माझी. गप्प बसले असते तर कुणाला कळलं नसतं, बारा पानं छापली गेली असती आणि मी कायम झाले असते. मी धुतलेली करवत आणखी तीनदा धुतली. मग गेले.

‘बाई, तो तुकडा उलटा आहे. टोपणं मी लावलीत.’

‘कशावरून म्हणतेस?’ बाई म्हणाल्या. दाढीवाल्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू गाळच बोलायला लागलाय.

तिसऱ्या तुकड्याच्या खालच्या टोकाला एका किड्याचं काळं बीळ करवतीनं अर्धं कापलं गेलं होतं. मी चौथा तुकडा उचलला, फिरवला आणि त्याच्या टोकाला टेकवला. उरलेलं अर्धं बीळ त्याला जाऊन मिळालं. केसाचंही अंतर राहिलं नाही. काही लाख वर्षांपूर्वी एक किडा तिथून सरळ खाली गेला होता, मामा, आणि तो माझ्या बाजूनं साक्ष द्यायला आला.

बाईंनी भिंग लावून तो सांधा तपासला. मग त्यांनी फोटो मागवले. पहिल्या फोटोत तुकडा कुशीत घेताना एक टोक डावीकडे, शेवटच्या फोटोत ठेवताना तेच टोक उजवीकडे. बाईंनी बारा पानं टराटरा फाडली आणि जहाजभर ऐकू जाणारा कर्णा हातात घेऊन सांगितलं, ‘तुकडा मी फिरवला, सही हिची झाली, आणि चूक हिनं पकडली. आपल्याकडे साडेनऊ मीटरचा सलग गाळ आहे, एकही खंड नाही.’ या जहाजानं आजवर इतका चांगला गाभा (नळीतल्या सलग गाळाला इथे गाभा म्हणतात) वर आणलेला नाही. मिस्त्रींनी ग्रीसनं माखलेल्या हातानं माझा हात इतका हलवला की खांदा अजून दुखतोय. आणि बाईंनी तिथेच, उभ्याउभ्या, माझ्या नोकरीच्या कागदावर सही केली. म्हणाल्या, ‘टोपणं लावणारे पुष्कळ मिळतात. येऊन सांगणारे मिळत नाहीत.’

मी कायम झाले, मामा. मला रडू आलं. त्या क्षणी तुम्ही समोर हवे होतात.

मामीला सांगा, तिच्या एका प्रश्नानं समुद्राचा तळ सरळ केला.

चिखलानं माखलेली, तरीही ताठ मानेची,
तुमची भाची

ता. क. : एक बारीकशी गोष्ट राहिली. कायम झालेल्यांना पुढच्या सफरीला लगेच निघावं लागतं. म्हणजे पुढच्या महिन्यात मी घरी येत नाही. पाच महिन्यांनी येईन. सही करून झाली आहे. आईला ठाऊक नाही. तुम्ही तिचे लाडके धाकटे भाऊ, ती तुमच्या शब्दाबाहेर नाही (असं तुम्हीच सांगता), तेव्हा तेवढं समजावाल ना?

ता. क. २ : आईलाही याच टपालानं पत्र टाकलं आहे. त्यात एकच ओळ आहे : ‘मी मामांना विचारूनच सही केली, बाकी तेच सांगतील.’ तिच्याकडे टपाल सकाळी येतं, तुमच्याकडे दुपारी, त्यामुळे तुम्ही हे वाचत असताना ती बहुतेक समोरच्या खुर्चीतच बसलेली असेल. आधी तिला पाणी द्या, मग ते बिळाचं पान मोठ्यानं वाचून दाखवा. मोठ्या बाईंसमोर मी खरं बोलले, मामा. पण आईसमोर बोलायची छाती अजून मला झालेली नाही.