एकशे तेरा किलोची पावती

जालना, रविवार

प्रिय आई,

अबोला तू धरलास, म्हणून फोन नाही, पत्र. फोनसारखं हे मधेच बंद करता येणार नाही. चष्मा लाव आणि शेवटपर्यंत वाच.

पहिलं सांगते, ऑपरेशन होणार. पोट लहान करायचं, तेच, ज्याला तू चांगल्या अंगाला सुरी लावणं म्हणतेस. अंग चांगलं नाही गं. झोपेत माझा श्वास थांबतो, तपासणीत निघालंय. गोळ्या वाढवल्या तरी साखर खाली येत नाही. बियाण्याच्या कारखान्यात नमुने घ्यायला वर चढते तर मधल्या पायरीवर बसावं लागतं. सोबतच्या नंदाबाई म्हणाल्या भात सोड, सोडला. वर्षभर डॉक्टरांना घासन्‌घास लिहून दिला. चार किलो उतरले, सहा चढले. आता कोणी तोंडावर ताबा ठेव म्हणालं, की मी त्याच्याच ताटात डोकावते. मला बारीक दिसायचं नाही, मला जगायचंय.

डॉक्टर हो म्हणाले, पण विमा कंपनीनं अडवलं. हे वजन जुनं आहे याचा कागद दाखवा म्हणे, निदान तीन वर्षांपूर्वीचा. कुठून आणणार? डॉक्टरांकडं जाईपर्यंत मी काट्यावर पायच ठेवला नव्हता, आणि त्याला कारण तू.

चार वर्षांपूर्वी डेंग्यूतून उठले म्हणून तू गावच्या मारुतीपुढं माझी गूळतुला केलीस. एका पारड्यात मी, दुसऱ्यात ढेपा. ढेपेगणिक माणसं हसत होती. भागवतदादा खाली मान घालून ढेपा उचलत होता, बहीण असून नसल्यासारखा. देवस्थानची पावती फाडताना कचरूकाका हळूच म्हणाले, शंभरच लिहितो, लेकीची जात आहे, चर्चा नको. आणि तू सगळ्या गावादेखत म्हणालीस, "पुऱ्या लेकीचा नवस बोलले मी, कचरूभाऊ. एकशे तेरा भरली, बराबर एकशे तेरा लिहा. एक किलो बी कमी न्हाई." मला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. तेव्हापासून गावाकडं फिरकले नाही. मनातल्या मनात तुला फार बोलले, आई.

गेल्या सोमवारी टपालानं पाकीट आलं. आत तीच पावती, चार घड्या घातलेली, कडेला हळदीचं बोट. चिठ्ठी नाही. विम्याच्या कागदाचं तुला शालूवहिनीनं सांगितलं असणार. अबोला न मोडता मदत करणारी बाई मी तरी एकच पाहिली. देवस्थानची पावती बघून डॉक्टर आधी हसले, मग तारीख आणि शिक्का वाचून त्यांनी ती फाइलला जोडली. माझ्या उंचीला शंभर किलो कंपनीच्या नियमात बसलं नसतं. एकशे तेरा बसलं. काल मंजुरी आली.

घरच्या माणसाची सही लागते. भागवतदादा येतो म्हणतोय, पण मला तू हवीस. भीती वाटते, हेही लिहून टाकते. गुरुवारी सकाळच्या गाडीनं ये. भरती करताना पुन्हा काट्यावर उभं करतात. या वेळी मी मान खाली घालणार नाही. त्यांनी आकडा विचारला की तू सांग, मोठ्यानं, एक किलोही कमी न करता.

तुझीच, पुरी लेक,
दैवशाला