माझ्याविरुद्ध कुणीतरी उभं राहा!

१० जानेवारी

ठरवून टाकलं म्हणे! मला न विचारता!

कलबुर्गीहून हुमनाबाद, हुमनाबादहून चिटगुप्पा, तिथून जीपमध्ये कोंबून घेऊन गावात पोचले, तर दारातच अत्ती हसायलीय. "आल्या बघा मेंबरीणबाई," म्हणे. मला वाटलं सासूबाई आज थट्टेच्या लहरीत आहेत. न्हाई! खरंच!

पंचायतीतली बायकांची एक जागा रिकामी झालीय. जुन्या मेंबरीण हैदराबादला लेकाकडं राहायला गेल्या, म्हणून पोटनिवडणूक लागली. आणि आमच्या अप्पांनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी, रेवणसिद्धप्पांनी, मठाच्या कट्ट्यावर बसून माझं नाव घेतलं. उद्या विडा द्यायचा!

आमच्या गावात निवडणूक लागते, होत न्हाई. अप्पा कट्ट्यावर चारचौघांत पानसुपारीचा विडा ज्याच्या हातावर ठेवतील, तो मेंबर. एकदा विडा हातावर पडला की सगळं गाव त्याच्या मागं. दुसऱ्यानं अर्ज भरणं म्हणजे गावाच्या तोंडावर थुंकणं. माझं लग्न व्हायच्या कितीतरी आधीपासून हेच चालू आहे. कमानीवर मोठ्या अक्षरांत लिहून ठेवलंय — बिनविरोध गाव. अभिमानानं!

आणि मी कोण? कलबुर्गीच्या विद्यापीठात लोकशाही आणि राजकीय सुधारणा अभ्यास केंद्रात नोकरी करते. विषय काय? बिनविरोध निवडणुका. चार वर्षं लोकांच्या गावात जाऊन विचारते — हे एकमत की दडपण? आता माझ्याच हातावर विडा!

नवरा म्हणतोय, जाऊ दे ना, मेंबर झालीस तर वाईट काय. सिद्धेश्वरला पाण्याच्या मोटारींचं रिवाइंडिंग करून करून सगळ्या गोष्टी वायर जोडली की चालू होतात असं वाटतं.

खोटं कशाला लिहू, थोडं गोडही वाटलं.

११ जानेवारी

विडा घेतला न्हाई!

सगळे कट्ट्यावर जमले होते. अप्पांनी पांढराशुभ्र फेटा बांधलेला. ताटलीतला विडा उचलला आणि माझ्याकडं वळले. मी तोंड उघडलं एकदाचं.

"अप्पा, उभी राहते. पण विडा नको. समोर कुणी उभं राहिलं, तरच अर्ज भरीन."

अप्पांचा हात तसाच विडा धरून. मग म्हणाले, "विरोधक कुठून आणू गं? बुधवारच्या बाजारात मिळायलेत का?"

लोक हसले म्हणून बरं झालं. सिद्धेश्वरनं तर दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं होतं. घरी येताना अप्पा एक शब्द बोलले न्हाईत. रात्री भाकरी मात्र नेहमीसारखी खाल्ली.

पण मी बोलले! त्या कट्ट्यावर! आमच्या घरातली बाई!

१२ जानेवारी

सुधारानी मॅडमना सांगितलं. आमच्या केंद्राच्या प्रमुख. कधी आवाज चढवत न्हाईत, त्यांनी आज टेबलावर अशी थाप मारली की चहा सांडला. म्हणाल्या, आपण इतकी वर्षं अहवाल लिहितोय, अमलात आणणारं कुणी भेटलंच नव्हतं. विद्यापीठ खाजगी, त्यामुळं उभं राहायला आडकाठी न्हाई. महिन्याची रजा मंजूर. फक्त तुझ्या गावाच्या माहितीला आता तू हात लावायचा न्हाई, म्हणाल्या. "आजपासून तू संशोधक न्हाईस, नमुना आहेस."

नमुना तर मी लहानपणापासूनच आहे, आईला विचारा.

आता एकच काम. विरोधक शोधायचा. त्यात काय अवघड!

१४ जानेवारी

संक्रांत. तिळगूळ घेऊन निघाले. लोक म्हणतात तिळगूळ घ्या, गोड बोला. मी म्हणायलीय — तिळगूळ घ्या, माझ्याविरुद्ध उभ्या राहा!

निंगप्पाच्या बायकोनं कानावर हात ठेवले. तुमच्या घरचं मीठ खाल्लंय म्हणे, जीभ झडंल. दुसरीकडं जाऊबाई जाऊबाई करून चहा पाजला, शेंगा दिल्या, विषय काढला की शेंगा पुढं. तिसरी म्हणाली राहते की, पण माझा प्रचार तुम्हीच करायचा! मी तयार झाले तर नवऱ्यानं आतून नुसतं खाकरलं आणि बाई गप्प.

घरोघरी माझी ओटी भरली. पदरात खण, नारळ, तांदूळ मावेनात. विरोधक एक न्हाई!

अत्ती नारळ मोजायला बसली आणि हसून हसून तिला ठसका लागला. म्हणाली, "मागायला गेलीस भांडण आणि आणलास बाजार."

१६ जानेवारी

आज भीमनगरात गेले, मंगलकडं. मंगल अख्ख्या गावाचे ब्लाऊज शिवते. माझेही. दहावीला तालुक्यात पहिली आली होती, पुढं शिकवलं न्हाई. तिच्या वस्तीत नळाला पाणी येतं ते कधीतरी, करंगळीएवढं. वरच्या आळीत आमच्याकडं धो धो.

मशीनवर बसली होती, दातात दोरा. मी आपलं भाषण सुरू केलं — मत हा हक्क, विरोध हा लोकशाहीचा श्वास, वगैरे वगैरे. तिनं सगळं ऐकून घेतलं. दोरा तोडला.

"कामून पाहिजे तुला विरोध?" म्हणाली. "अशीच मेंबर होऊन पाणी आण की."

मी म्हणाले, अशी झाले तर मी अप्पांची मेंबर होईन, गावाची न्हाई. हे तिला पटलं असावं. मान हलवली. "विचार करते," म्हणाली. आणि ब्लाऊजच्या बाह्या केवढ्या ठेवू विचारलं.

१८ जानेवारी

उद्या शेवटचा दिवस. कुणी न्हाई. अप्पांना सांगितलं, विरोधक न्हाई तर अर्जही न्हाई. जागा रिकामी राहू दे. अप्पांनी काठी उचलली आणि बाहेर गेले.

१९ जानेवारी

मंगलनं अर्ज भरला!!

सकाळी सातला दारात उभी! निळी साडी, केस चापूनचोपून, हातात कागद. "चल गं, दोघींचा एकदमच भरू, जीपचं भाडं वाचंल." मी अंघोळीच्या साडीवरच निघणार होते, अत्तीनं ओढून आत नेलं.

चिटगुप्प्याला साहेब विचारतात, तुम्ही एकमेकींच्या सूचक आहात का. मी म्हणाले, न्हाई साहेब, विरोधक! इतक्या जोरात म्हणाले की बाहेर उभे असलेले लोक आत डोकावले. येताना आम्ही एका प्लेटीत मिरची भजी खाल्ली. तिला हजारदा विचारलं, कसं ठरवलंस? म्हणाली, ठरलं एकदाचं. बस्स.

अप्पा ओसरीवर बसले होते. आठवड्यात पहिल्यांदा माझ्याशी बोलले. "मिळाला न्हवं विरोधक? आता तरी खूष?" आणि मिशीतल्या मिशीत हसले. कट्टर माणूस, पण बदलतो बरं माणूस! मला इतकं भरून आलं की वाकून नमस्कारच केला.

मॅडमना फोन केला. केंद्रात सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, मला ऐकवल्या.

२२ जानेवारी

चिन्हं मिळाली. मला टेबल. मंगलला शिट्टी.

अन्याय आहे! टेबल कसं वाजवणार? आज दिवसभर गावात शिट्ट्याच शिट्ट्या. आमच्या दारावरून जाताना तर मुद्दाम. अप्पांची दुपारची झोप मोडली.

२५ जानेवारी

आज शाळेच्या मैदानात दोघी एकाच मंचावर. कल्पना माझी! गावात कधी झालं न्हवतं. मी आधी बोलले. मराठीत बोलले, कन्नडमध्ये बोलले, पंचायतीचे अधिकार सांगितले, ग्रामसभा समजावली. मागं दोन म्हातारे पेंगायलेत हे मला दिसत होतं, पण हातात इतके मुद्दे होते, सोडू कसे!

मंगल उठली. म्हणाली, पाइप मठापर्यंत मोठा आहे, मठाच्या पुढं बारीक. तो एक सारखा करायचाय. एवढंच. बसली. शिट्ट्या!

पण वाद झाला! नंतर निंगप्पा मंगलला म्हणाला, मोठा पाइप टाकला तर वरच्या आळीचं पाणी कमी होईल त्याचं काय. मंगलनं विचारलं, मग आजवर आमचं कमी झालं त्याचं काय. सगळ्यांसमोर! कुणी कुणाचं मीठ काढलं न्हाई, नातं काढलं न्हाई. मला रडायलाच येईल असं झालं.

घरी निघाले तर हावगेप्पाआजोबांनी डोक्यावर हात ठेवला. म्हणाले, "पोरी, तू गुणाची आहेस. पर आमचं ठरलंय." म्हणजे बघा! नव्वदीचा माणूस, दोन्ही बाजू ऐकून स्वतःचं मत ठरवतोय! मी तर त्यांच्या पाया पडले.

२९ जानेवारी

मंगलच्या वस्तीत प्रचाराला गेले. तिनंच चहा केला आणि माझी पत्रकं वाटायला अमरदीपला, तिच्या नवऱ्याला, पाठवलं. असा विरोधक सात जन्म मिळो.

लोक फार प्रेमानं वागायलेत, पण माझ्याशी बोलताना खाली बघतात. निवडणुकीचा संकोच असावा. सवय न्हाई ना.

१ फेब्रुवारी

मतदान!

काय लिहू! शाळेपासून पिंपळापर्यंत रांग. वरची आळी, भीमनगर, दर्ग्याकडची घरं, सगळे एकाच रांगेत, एकाच उन्हात. ऊस तोडायला गेलेली माणसं रात्रीची गाडी करून परत आली.

अत्तीनं लग्नातली इरकल काढली होती. नागव्वा रेवणसिद्धप्पा अशी हाक आली तेव्हा क्षणभर तिला कळलंच न्हाई, तिला नावानं कोण हाक मारतंय. बाहेर आली ती बोट वर धरून. लग्न होऊन आल्यापासून पंचायतीचं मत पहिल्यांदाच! संध्याकाळी भांडी घासायला तयार न्हाई, शाई जाईल म्हणे. जात न्हाई गं म्हणून सांगितलं तरी न्हाई. मी घासली, आनंदानं घासली!

मॅडम विद्यार्थ्यांना घेऊन आल्या होत्या. रांगेकडं बघत नुसत्या उभ्या होत्या. जाताना म्हणाल्या, "सौम्या, यावर लेख तूच लिहायचा." मी म्हणाले, मी तर नमुना. म्हणाल्या, निकाल लागला की पुन्हा संशोधक.

३ फेब्रुवारी

उद्या मोजणी. झोप कुठली! लेखाचं पहिलं वाक्य लिहून टाकलं — "या गावाने इतक्या वर्षांत प्रथमच विड्याकडे न पाहता स्वतःच्या मताने प्रतिनिधी निवडला."

जिंकले तरी जिंकले, हरले तरी जिंकले. पण जिंकले तर बरं. एवढं तर पानाला सांगायला हरकत न्हाई.

४ फेब्रुवारी

हरले!

थोडंथोडकं न्हाई, सपाटून हरले! माझ्या पदरात आमच्या भावकीचीसुद्धा धड सगळी मतं न्हाईत. टेबलाचे चारी पाय मोडले!

आणि मी काय केलं? मंगलला उचललं! खरंच उचललं, चिटगुप्प्याला, मोजणीच्या दारात, आणि मग दोघी पडलो. गुलाल नाकातोंडात. तिच्या गळ्यातली शिट्टी ओढून मीच वाजवली. या गावात पंचायतीची मेंबर भीमनगरातून, ती बाई, ती मत घेऊन! मॅडम फोनवर हसायल्या होत्या का रडायल्या होत्या, कळलं न्हाई. तासभर थोडं दुखलं, मग न्हाई. अत्तीला विचारलं, तू कुणाला दिलंस? म्हणाली, "गुप्त असतंय म्हणून तूच सांगितलीस की."

अप्पा मात्र बाहेर एका झाडाखाली बसून राहिले होते. घरी येईपर्यंत तीनदा कपाळावर हात मारला. मी समजूत घातली, अप्पा, हरण्यात लाज न्हाई, हीच लोकशाही. माझ्याकडं असं बघितलं की मी पुढचं भाषण गिळलं.

५ फेब्रुवारी

मंगल पेढे घेऊन आली. मी पुन्हा तेच विचारलं, कसं ठरवलंस गं? या वेळी सांगितलं. अठरा तारखेला संध्याकाळी अप्पा तिच्या दारात गेले होते. पोरीच्या हट्टासाठी नावाला उभी राहा, हरशील त्याची काळजी करू नको, हा घे विडा.

"मी म्हणले, आमच्या वस्तीत आजवर विडा आला न्हाई, अप्पा. दारात नको. कट्ट्यावर द्या, चारचौघांत." पेढ्याचा पुडा सोडता सोडता म्हणाली, "आणि दिले की, त्याच रात्री. तुझ्या पायी घाईत होते. विडा हातावर पडला की गाव मागं येतंय, हे ते विसरले. मी कशी विसरीन?"

लेखाचं पहिलं वाक्य खोडलं. दुसरं सुचेना. मग पेढा खाल्ला.